लग्न झालंय म्हणून तपासणी टळत नाही: लैंगिक संसर्गांबद्दल विवाहित बाईने काय ओळखायचं, कुठे जायचं, काय बोलायचं

पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची एक पाहणी झाली होती. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी ती करत होते. पाहणीतल्या ३९१ बायका देहविक्री करणाऱ्या नव्हत्या. त्यातल्या बहुतेक जणी लग्न झालेल्या, संबंध आला तो फक्त नवऱ्याशी. तरीही या गटात १३.६ टक्के जणींना एचआयव्ही निघाला. धोका कशामुळे वाढला हे तपासलं, तेव्हा पुढे आलेलं एक कारण होतं जोडीदाराला असलेला गुप्तरोग.

आज एचआयव्हीचं प्रमाण त्या काळापेक्षा बरंच खाली आलंय. लागणीची वाट मात्र तीच आहे. सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, जननेंद्रियावरचा हर्पिस, एचपीव्ही (चामखीळ आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू), हिपॅटायटिस बी यातलं काहीही घरातल्या अंथरुणावरूनच बाईपर्यंत येऊ शकतं. त्यासाठी तिने काहीही ‘केलेलं’ असावं लागत नाही. म्हणून हा लेख ‘सावध वागा’ सांगण्यासाठी नाही. लग्न झालेल्या बाईच्या हातात प्रत्यक्ष काय काय आहे, ते कुठल्या क्रमाने करायचं, एवढंच इथे आहे.

आधी तीन समजुती बाजूला ठेवा

पहिली समजूत: ‘माझं ऑपरेशन झालंय, मला काय होतंय.’ कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये नळ्या बांधतात. त्याने मूल राहत नाही, जंतू थांबत नाहीत. तांबी, गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन, कशानेच थांबत नाहीत. उलट ऑपरेशन झालं की निरोध घरातून कायमचा जातो, कारण निरोधाचा विचार आपल्याकडे मुलं थांबवण्यापुरताच होतो.

दुसरी: ‘त्यांना काही त्रास नाही, म्हणजे त्यांना काही नाही.’ पुरुषांतही बरेच संसर्ग मुके असतात. बायकांत तर क्लॅमिडिया आणि गोनोरिया बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि ते निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या ९२ टक्क्यांतले सगळे आजार नवऱ्याकडून आलेले नव्हते, हे इथेच सांगायला हवं. पण तपासल्याशिवाय कळत नाही, हे त्या आकड्यांतून लख्ख दिसतं.

तिसरी समजूत जरा नवी आहे: ‘सगळं रक्त तपासलं, नॉर्मल आलं.’ रक्तातून एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी कळतात. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास यांसाठी योनीतून किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी कापसाच्या काडीने स्त्राव घ्यावा लागतो, नाहीतर लघवीची पीसीआर, म्हणजे जंतूंचा अंश शोधणारी तपासणी. एचपीव्हीचं तेच. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पाकिटात यातलं सहसा काहीच नसतं.

पहिली पायरी: अंगावरून जातंय ते नीट बघा

‘पांढरं जातंय’ या दोन शब्दांत आपल्याकडे दहा वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि डॉक्टरही कधी कधी तेवढ्यावरच चिठ्ठी लिहून मोकळे होतात. म्हणून जाण्याआधी आपण स्वतः थोडं निरखलेलं बरं.

पाळीच्या साधारण मध्यावर पारदर्शक, तार येणारं, बिनवासाचं पाणी जातं. पाळी जवळ आली की ते दाट आणि पांढरट होतं. गरोदरपणात एकूणच वाढतं. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर हे शरीराचं नेहमीचं काम आहे. त्याने अशक्तपणा येत नाही, हाडं झिजत नाहीत, कंबर खिळखिळी होत नाही. कंबर दुखण्याची कारणं वेगळी शोधायला हवीत.

दह्याच्या कवड्यांसारखं घट्ट, सोबत जीव नकोसा करणारी खाज, हे बहुतेक वेळा बुरशीचं असतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात किंवा साखर वाढलेली असताना ते होतं. परत परत होत असेल तर रक्तातली साखर तपासायची. हा नवऱ्याकडून लागलेला रोग नाही. पातळ, राखाडी-पांढरं, संबंधानंतर सुक्या मासळीसारखा वास येणारं, हे योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडल्याचं लक्षण. तेही लैंगिक संसर्गात धरत नाहीत, मात्र उपचार लागतात, कारण असा तोल बिघडलेला असताना बाकीचे संसर्ग लवकर शिरतात.

हा फरक मी मुद्दाम लांबवून लिहितेय. साध्या बुरशीच्या खाजेवरून ‘तुला हे कुठून लागलं?’ असं सासरी विचारलं गेल्याची उदाहरणं ज्या त्या गावात सापडतील.

आता काळजीची लक्षणं. पिवळसर-हिरवं, फेसाळ, वास येणारं पाणी आणि सोबत आग असेल तर ट्रायकोमोनासची शंका घेतात. पिवळट, पू मिसळल्यासारखं जाणं, संबंधानंतर रक्ताचा डाग पडणं, दोन पाळ्यांच्या मध्येच लाल दिसणं, लघवीला जळजळणं हे गर्भाशयाच्या तोंडाशी सूज असल्याचं लक्षण असू शकतं. ओटीपोटात सतत ठणका, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, बारीक ताप ही ‘पिशवीला सूज’ असण्याची खूण. ती वेळेत बरी केली नाही तर नळ्या बंद होतात. पुढे मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहतो.

जखमांकडे वेगळं लक्ष द्या. दुखणाऱ्या पाण्याच्या फोडांचा पुंजका, फुटून आग होणारा, बहुधा हर्पिसचा. एकच जखम, कडक काठाची आणि अजिबात न दुखणारी, ही सिफिलिसची असू शकते. तिची गंमत वाईट आहे: तीन ते सहा आठवड्यांत ती औषधाशिवाय भरून येते आणि माणूस निर्धास्त होतो. बायकांत ती आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही. काही आठवड्यांनी अंगावर, खास करून तळहात-तळपायांवर, न खाजणारे चट्टे उठतात. तेही जातात, आजार आतच राहतो. फुलकोबीच्या तुऱ्यासारखे मऊ मांसल कोंब दिसले तर ते एचपीव्हीमुळे येणारे चामखीळ.

आणि नवऱ्याचं? त्याला लघवीच्या जागेतून पू जाणं, जखम, जांघेत गाठ असं काही असेल किंवा होऊन गेलं असेल, तर तुम्हाला काहीही लक्षण नसलं तरी तपासणी करायचीच. तो स्टेशनबाहेरच्या भिंतीवर जाहिरात असलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडून गुपचूप औषध घेऊन आलेला असेल, तर तुमची तपासणी आणखी गरजेची, कारण त्या औषधात काय होतं हे कुणालाच माहीत नसतं.

घरच्या घरी काय करू नये तेही इथेच सांगते. डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटीचं पाणी, लिंबू, सुगंधी वॉश यातलं काहीही आत वापरायचं नाही. योनी स्वतःला आतून साफ ठेवते. बाहेरून साधं पाणी पुरतं. मेडिकलवाल्याला ‘खाजेवरचं काहीतरी द्या’ म्हटलं की तो बहुतेक वेळा स्टिरॉइड मिसळलेलं मलम देतो. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुपटीने येते आणि डॉक्टरला मूळ चित्र दिसेनासं होतं.

दुसरी पायरी: कुठे जायचं

महाराष्ट्रात आणि गोव्यात जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं हे केंद्र आहे. तिथे डॉक्टर असतात, समुपदेशक असतात आणि औषध फुकट मिळतं. पाटी दिसली नाही तर केस पेपरच्या खिडकीवर ‘सुरक्षा क्लिनिक कुठे’ एवढंच विचारायचं. कशासाठी हे रांगेत सांगायची गरज नाही. एचआयव्ही तपासणीसाठी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, सहसा त्याच आवारात असतं. जवळचं केंद्र कुठलं ते १०९७ या मोफत क्रमांकावर कळतं. नाव न सांगता मराठीत बोलता येतं.

हे सगळं लांब पडत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथेही अंगावरून जाण्याची आणि ओटीपोट दुखण्याची औषधं असतात. आशाताई चांगली असेल तर तिला सोबत न्या. पण आशाताई तुमच्याच भावकीतली असेल आणि गोष्ट घरात पोचायची भीती असेल, तर सरळ तालुक्याला जा. यात तिचा अविश्वास करण्याचा प्रश्न नाही, गाव लहान असतं एवढंच.

एकत्र कुटुंबात दवाखान्यात जायला कारण लागतं. ‘पाळीची तक्रार आहे’ हे कारण कुणी उकरत नाही. ते खोटंही नाही.

खासगीत जायचं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ. त्वचेचे डॉक्टरच गुप्तरोगाचेही तज्ज्ञ असतात, हे अनेक बायकांना माहीत नसतं.

तिसरी पायरी: तपासणीच्या खोलीत

जाण्याआधी दोन दिवस योनीत कुठलंही औषध किंवा क्रीम वापरू नका, संबंध टाळा, पाळीचे दिवस नसतील अशी तारीख निवडा. तीव्र त्रास असेल तर मात्र यातलं काही बघत बसू नका. शेवटची पाळी कधी आली, गरोदर असण्याची शक्यता आहे का, पेनिसिलिन किंवा दुसऱ्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, सध्या कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. ऐनवेळी आठवत नाही.

नवरा किंवा सासू सोबत आली असेल तर डॉक्टरला म्हणा, ‘मला दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय.’ चांगला डॉक्टर स्वतःच बाकीच्यांना बाहेर बसवतो. बोलायला लाज वाटली तर हे वाक्य पाठ करून जा: ‘मला शंका आहे की नवऱ्याकडून काही संसर्ग आला असेल, आतून तपासून सांगा.’ एवढ्याने डॉक्टरचा पुढचा सगळा विचार बदलतो. नुसतं ‘पांढरं जातंय’ म्हटलं की तो वेगळ्या वाटेने जातो.

आतून तपासताना स्पेक्युलम नावाचं चिमट्यासारखं साधन वापरतात. सहसा दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. श्वास सोडत अंग सैल ठेवलं की सोपं जातं. पुरुष डॉक्टर असेल तर खोलीत नर्स किंवा दुसरी बाई हवी, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. न तपासता, फक्त ऐकून, महिन्याभराची औषधं लिहिली तर विचारा: ‘आतून तपासणी करणार नाही का?’

रक्ताच्या तपासण्यांत एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींचं नाव घेऊन विचारा. एक गोष्ट वेळेची. लागण झाल्या झाल्या तपासणीत दिसत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी शंकास्पद संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. पहिल्या आठवड्यात ‘निगेटिव्ह’ आलेला कागद फ्रेम करून ठेवण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: औषध

सरकारी केंद्रांत बहुतेक वेळा लक्षणं पाहून त्याच दिवशी औषध देतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. त्यासाठी रंगांची पाकिटं ठरलेली आहेत: योनीतल्या स्त्रावासाठी हिरवं, गर्भाशयाच्या तोंडाच्या सुजेसाठी राखाडी, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं, हर्पिससाठी लाल. बाई परत आलीच नाही तरी निदान उपचार झालेले असावेत, हा त्यामागचा हिशेब. त्याची एक मर्यादा आहे. ही पद्धत लक्षणांवर चालते, आणि मुका संसर्ग तिच्यातून निसटतो. म्हणून नवऱ्याला काही असल्याची शंका असेल तर ती स्वतःहून सांगणं इतकं महत्त्वाचं. शेजारणीला हिरव्या पाकिटाने बरं वाटलं म्हणून तेच मागून आणू नका.

काही गोळ्या एकदाच घ्यायच्या असतात, त्या डॉक्टरसमोरच घेऊन टाकलेल्या बऱ्या. ओटीपोटाच्या सुजेचा कोर्स दोन आठवड्यांचा असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं की बायका तो सोडतात. सोडू नका. उलट तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर कोर्स संपायची वाट न बघता परत जा. मेट्रोनिडॅझोल, सेक्निडॅझोल या गोळ्यांनी तोंड कडवट-धातूसारखं होतं, मळमळतं, जेवणानंतर घ्या. घरात कुणी दारू घेत असेल आणि त्यालाही ही गोळी असेल, तर त्या काळात दारू बंद. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा.

सिफिलिसला पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते आजही उत्तम काम करतं. हर्पिस आणि एचपीव्ही मुळापासून जाणारं औषध नाही, पण हर्पिसचा त्रास औषधाने कमी होतो आणि एचपीव्ही बहुतेक जणींत शरीर स्वतःच एक-दोन वर्षांत संपवतं.

पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात पोट दुखलं, चक्कर आली, किंवा ताप चढून पोट हात लावू देईना, तर ओपीडीची वेळ बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

आणि पिशवीबद्दल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, शासनाने चौकशी समिती नेमली. त्यातल्या कितीतरी जणी पांढरं जाणं आणि ओटीपोट दुखणं याच तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं, तर सरळ उठा. आधी स्त्राव तपासा, कोर्स घ्या, सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करा, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पस्तिशीच्या आत पिशवी काढण्याची कारणं फार थोडी असतात आणि संसर्ग हे त्यातलं सहसा नसतं.

पाचवी पायरी: नवरा

सगळ्यात अवघड भाग हाच. तुम्ही कोर्स पूर्ण केलात आणि त्याने काहीच घेतलं नाही, तर पहिल्याच संबंधात तुम्ही मूळ जागी. जोडीने उपचार न झाल्यामुळे वर्षानुवर्षं ‘माझं औषधाने बरं होतं आणि परत होतं’ म्हणणाऱ्या बायका कुठल्याही ओपीडीत भेटतात.

बोलण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. संसर्ग निघाला म्हणजे तो ‘काल’ बाहेर गेला होता असं सिद्ध होत नाही. क्लॅमिडिया कित्येक महिने, ट्रायकोमोनास त्याहून जास्त काळ शांत बसतो. हर्पिस आणि एचपीव्ही लग्नाआधीच्या संबंधातले असून लग्नानंतर दहा वर्षांनी दिसू शकतात. हिपॅटायटिस बी जन्माच्या वेळी आईकडून, किंवा सुई, रक्त, न्हाव्याच्या वस्तऱ्यातूनही येतो. कोणाकडून कोणाला हे बहुतेक वेळा कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. हे खरं आहे, आणि सोयीचंही आहे. भांडण पहिल्या दिवशी काढायचं की औषध झाल्यावर, हे तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर आधी गोळ्या पोटात जाऊ द्याव्यात.

वाक्यं अशी असू शकतात. ‘अहो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, औषध दोघांनी घ्यायचं, नाहीतर माझं बरं होणार नाही. तुमच्याही गोळ्या दिल्यात.’ जिथे नवराबायको अरे-तुरेत बोलतात तिथे: ‘हे बघ, मला कोणी कुठे गेलं हे आत्ता विचारायचं नाही. दोघांचा कोर्स होऊ दे, मग बोलू.’ मूल हवं असेल तर त्याच्यासारखा दुसरा मुद्दा नाही: ‘हे राहिलं तर नळ्या बंद होतात म्हणाले.’ दोष डॉक्टरच्या तोंडी घालायला काहीच हरकत नाही, डॉक्टरला त्याची सवय असते. सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदाराला बोलावण्याची चिठ्ठी मागा. समुपदेशक दोघांना एकत्र किंवा वेगवेगळं भेटतात.

दोघांचं औषध पूर्ण होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नाही. तेवढं जमणारच नसेल तर निरोध. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. वापरताना खोबरेल तेल, व्हॅसलिन लावू नका, तेलाने रबर विरून फाटतं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर आधारित जेल घ्या. निरोध मागितला की ‘माझ्यावर संशय घेतेस का’ हे ठरलेलं उत्तर येतं. त्याला ‘मला आतून सूज आहे, डॉक्टरांनी तीन महिने सांगितलंय’ हे उत्तर चालतं. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायचीच असते, त्यामुळे आकडाही खरा आहे.

तो ऐकणारच नाही असंही होतं. मग निदान स्वतःचा उपचार पूर्ण करा, लक्षणं परतली की परत जा, आणि केंद्रातल्या समुपदेशकाला हे स्पष्ट सांगा. बोलल्यावर मारहाण होईल अशी शक्यता असेल तर एकटीने विषय काढू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही हिंसाचारच मानलाय. जबरदस्ती होत असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जाता येतं. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक, तातडीला ११२.

एचआयव्हीची तपासणी आणि तुमचा कायदा

आयसीटीसीत तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन होतं, एकाच चाचणीच्या पॉझिटिव्ह निकालावर शिक्का मारत नाहीत, वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. निकाल पॉझिटिव्ह आलाच तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, औषध मोफत आणि लगेच सुरू होतं. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. औषधं चालू असलेल्या आईला निरोगी मूल होऊ शकतं.

एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. त्यातली एक तरतूद बायकांनी लक्षात ठेवावी: जोडीदाराला निकाल कळवण्याची मुभा डॉक्टर-समुपदेशकाला काही अटींवर आहे, पण त्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल तर कळवायचं नाही. ही भीती तुम्ही बोलून दाखवली तरच त्यांना कळेल. जबरदस्तीच्या किंवा धोक्याच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचलात तर लागण टाळण्याची औषधं मिळतात. जितकं लवकर तितकं चांगलं.

गरोदर असाल तर

पहिल्या भेटीतच एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. सिफिलिस राहून गेला तर गर्भ पोटात दगावू शकतो, मूल व्यंग घेऊन येऊ शकतं. आणि हे सगळं वेळेवर घेतलेल्या पेनिसिलिनने टळतं. गरोदरपणातच नवरा गावाला, कामावर, ट्रकवर, बोटीवर गेलेला असेल आणि मध्ये येऊन गेला असेल, तर सातव्या-आठव्या महिन्यात तपासण्या पुन्हा करून मागा. आईला हिपॅटायटिस बी निघाला तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन लागतं. म्हणून बाळंतपण ते मिळेल अशाच ठिकाणी ठरवा.

त्रास काहीच नसेल तेव्हाची कामं

हिपॅटायटिस बीची लस मोठ्यांनाही घेता येते: आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेक जणींना ती लहानपणी मिळालेली नाही. आधी तपासणी, निगेटिव्ह असेल तर लस.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्हीतून होतो आणि त्याला वर्षं लागतात, त्यामुळे तो आधीच पकडता येतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांना पाच वर्षांतून एकदा व्हीआयए तपासणी सांगितली आहे. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो, निकाल तिथल्या तिथे कळतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी वर्षानुवर्षं करून घेतली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. इतक्या स्वस्त तपासणीचं यश इतकं मोठं असताना आपल्याकडे ती मागून करून घेणाऱ्या बायका अजून फार थोड्या आहेत, याचं मला नवल वाटतं. परवडत असेल तर पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) किंवा एचपीव्ही डीएनए तपासणी जास्त नेमकी.

एचपीव्हीची लस संबंध सुरू होण्याआधी सगळ्यात जास्त उपयोगी, म्हणून ती मुख्यतः ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, २६ वर्षांपर्यंत घेता येते. लग्न झालेल्या पंचविशीतल्या मुलीलाही ती घेता येते, फायदा थोडा कमी, पण असतो. लस घेतली तरी तिशीनंतरची व्हीआयए सुटत नाही.

एक फाइल ठेवा: प्रत्येक केस पेपर, रिपोर्टची तारीख, कोणतं औषध किती दिवस घेतलं, नवऱ्याने घेतलं की नाही. घरात ठेवणं धोक्याचं असेल तर फोनमध्ये फोटो काढून बहिणीकडे पाठवा आणि स्वतःच्या फोनवरून पुसून टाका. पुढच्या खेपेला डॉक्टर बदलला तरी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.